नखांच्या कडेची सालपटं आणि नखुरडं: थंडीत हात कसे सांभाळता?

पंचवटीची_अन्नपूर्णा

नमस्कार मंडळी. मी पंचवटीत राहते, घरूनच डबे करून देते. नाशिकची थंडी पडली की माझ्या नखांच्या कडेला कातडीची बारीक टोकं उभी राहतात. आधी नुसती खरखर असते. मग ती साडीच्या काठात अडकतात, स्वेटरमध्ये अडकतात, आणि हिरव्या मिरचीचा ठेचा करायला घेतला की विचारूच नका. कितीही ठरवलं तरी टीव्ही बघताना दुसऱ्या हाताची बोटं आपोआप तिथेच जातात आणि टोक ओढलं जातं.

यंदा उजव्या अंगठ्याची एक कड लाल झालीय, जरा फुगलीय, दाबलं की ठसठसते. पू दिसत नाही. सासूबाई म्हणतात लिंबात बोट घाल. जाऊबाई म्हणतात अंगात व्हिटॅमिन कमी असेल. मेडिकलवाल्याने खाज, गजकर्ण, जखम सगळ्यावर चालते म्हणून एक ट्यूब दिलीय, ती अजून उघडली नाही. डबे बंद ठेवणं शक्य नाही, कॉलेजची पोरं आहेत, उपाशी राहतील. तर ही टोकं कापावी की तशीच ठेवावी? दिवसभर पाण्यात हात असणाऱ्या बाईने नेमकं काय करावं? आणि डॉक्टरकडे कधी जावं?

कोथिंबीर_वडी

ताई, पहिली गोष्ट म्हणजे ओढू नका. ते टोक वरून मेलेलं असतं पण बुडाशी जिवंत कातडीला चिकटलेलं असतं. ओढलं की वरचं मेलेलं सुटत नाही, खालचं जिवंत फाटत जातं, म्हणून तर टिचभर सालीला एवढं रक्त येतं. दातांनी तर मुळीच नको. कोमट पाण्यात बोटं पाच-दहा मिनिटं ठेवा, कातडी मऊ पडली की धारदार नेलकटरने किंवा छोट्या कात्रीने टोक बुडाशी, पण जिवंत कातडीला न लागता, कापा. कटर आधी स्पिरिटने पुसून घ्या. आणि तो तुमचा वेगळा ठेवा. घरात सगळ्यांचा मिळून एकच कटर असतो आणि तो ड्रॉवरमध्ये सुतळी आणि जुन्या किल्ल्यांसोबत पडलेला असतो, हे आपलं सगळ्यांचंच आहे.

अमावस्येचा_चंद्र

आणि शनिवारी नखं कापू नका, रात्री कापू नका, उंबऱ्यावर बसून कापू नका. उरलेल्या वेळात कापा, वेळ उरलाच तर.

सातपूर_सेकंड_शिफ्ट

विषय जिव्हाळ्याचा काढलात. आमच्या शॉपमध्ये सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या धातू कापायच्या मशीनवर, काम करणाऱ्या निम्म्या पोरांची बोटं अशीच असतात, आणि आमच्याकडे हा बारमाही प्रकार आहे, थंडीचा काही संबंध नाही. कारण कूलंट. पाणी आणि तेल मिसळलेलं ते दुधासारखं द्रावण दिवसभर हातावर उडतं. तयार सुटा भाग मशीनमधून काढताना धातूच्या कापलेल्या कडेचे बारीक काटे, म्हणजे बर, टोचतात. आणि खरा घात होतो सुट्टीच्या भोंग्याला. हात काळे असतात म्हणून पोरं थिनरने नाहीतर रॉकेलने हात धुतात, वर कपड्याची पावडर चोळतात. हात स्वच्छ होतात, पण कातडीतलं होतं नव्हतं तेवढं तेलही जातं. दुसऱ्या दिवशी नखाच्या कडा पांढऱ्या पडून फाटलेल्या.

आमच्या सुपरवायझरने एक चांगलं केलं, थिनरची बाटली वॉशबेसिनवरून उचलून स्टोअरला कुलपात ठेवली. आता हात धुवायला हँडवॉशची पेस्ट आहे. फरक पडला. मशीन फिरत असताना ग्लोव्हज घालायचे नसतात, ओढून घेण्याची भीती असते, म्हणून आम्ही शिफ्टआधी कातडीवर संरक्षक थर देणारं बॅरिअर क्रीम लावतो. ताईंना मशीन नाही, त्यांना हातमोजे घालायला काय हरकत आहे?

पंचवटीची_अन्नपूर्णा

दादा, हातमोजे घालून पोळी कशी लाटायची? भांडी घासायला घालते कधीमधी, पण आत घाम येतो आणि हात काढले की सुरकुतलेले पांढरे.

लिंबू_मिरची_आजी

सासूबाई बरोबर सांगतात हो. आमच्या सिन्नरला नखुरडं झालं की लिंबाला एका बाजूने भोक पाडायचं, आत चिमूटभर हळद घालायची आणि बोटाला टोपीसारखं चढवून रात्रभर ठेवायचं. ठसठस उतरते. पिकायला आलेलं असेल तर सकाळपर्यंत फुटून मोकळं होतं. माझ्या लेकरांना मी हेच केलं, नातवंडांनाही केलं. गव्हाच्या पिठाचं गरम पोटीसही बांधायचो. डॉक्टरांकडे जाऊन नख काढून घेण्यापेक्षा लिंबू स्वस्त.

त्वचा_आणि_तत्त्व

मी त्वचारोगांचीच डॉक्टर आहे. न बघता निदान करणार नाही, पण या धाग्यावर जे प्रश्न आलेत ते रोज ओपीडीत येतात म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी नखाच्या बुडाशी असलेली ती पातळ पापुद्र्याची पट्टी समजून घ्या, जिला सगळे क्युटिकल म्हणतात आणि घाण समजून काढून टाकतात. खिडकीच्या काचेला कडेने लांबी भरलेली असते ना, तसं तिचं काम आहे. नखाचा कडक पत्रा आणि मऊ कातडी यांच्यामधली फट तिने बुजवलेली असते. ती शाबूत आहे तोवर पाणी, साबण, जंतू आत शिरत नाहीत. ती कापली, कोरली किंवा पाण्याने सुटली की फट उघडी पडते. कडेचं सालपट ओढल्यानेही असाच दरवाजा उघडतो, फक्त बाजूचा.

आता सालपटं निघतात का? मुख्य कारण ओलं-कोरडं, ओलं-कोरडं. पाण्यात कातडीचा वरचा थर फुगतो, साबण त्यातलं तेल घेऊन जातो, हात बाहेर काढला की कोरडी हवा ते पाणी भराभर ओढून घेते आणि थर आकसून चिरतो. नाशिकच्या हिवाळ्यात हवा कोरडी आणि पहाटे कडाका, निफाडला पारा पाच-सहा अंशांवर आला की आमच्याकडची गर्दी वाढलीच म्हणून समजा. बोटाच्या टोकाशी कातडीला सतत ताण असतो, म्हणून ती तिथे आधी चिरते.

आजी, लिंबाबद्दल. तुमच्या अनुभवाला नाही म्हणत नाही. बोट ओलं राहतं, कातडी मऊ पडते, पू वरच आलेला असेल तर तो वाट काढतो. पण हेच काम कोमट पाणी करतं. दिवसातून तीन-चारदा दहा-पंधरा मिनिटं बोट कोमट पाण्यात ठेवायचं, मग नीट कोरडं करायचं. लिंबाचं आम्ल उघड्या कातडीला आणखी चिडवतं. शिवाय लिंबाचा रस लागलेल्या कातडीवर ऊन पडलं तर भाजल्यासारखे फोड येऊन काळे डाग उरू शकतात. पोटिसाचं म्हणाल तर ऊब चांगली, चटका नको. मधुमेही माणसाच्या बोटाला गरम किती लागतंय तेच कळत नाही आणि सकाळी फोड दिसतो.

ताई, तुमचा अंगठा लाल आहे, दुखतोय, पू नाही. ही नखुरड्याची सुरुवात असू शकते. कोमट पाण्याचा शेक सुरू करा आणि त्या हाताला पाणीकाम कमी द्या. एक-दोन दिवसांत उतरलं नाही, ठणका रात्री झोपू देईना, पिवळा पू दिसू लागला, लाली बोटावरून हातावर सरकली, काखेत गाठ आली किंवा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टर. पू झाला की तो बाहेर काढावा लागतो, नुसत्या गोळ्यांनी भागत नाही. आणि दर वेळी नख काढत नाहीत. बहुतेकदा कातडीची कड हलकेच उचलून पू मोकळा करतात. घरी सुईने टोचू नका. एक प्रकार असा असतो की बोटावर बारीक पाणीदार फोडांचा घोस येतो आणि आग आग होते. तो नागिणीच्या घराण्यातल्या एका विषाणूचा असतो आणि त्याला चीर द्यायचीच नसते. बघणाऱ्याला तो फरक कळतो.

ती ट्यूब उघडली नाहीत हे फार बरं झालं. अशा पाच-सहा औषधं एकत्र केलेल्या मलमांत बहुधा क्लोबेटासोलसारखं जोरदार स्टेरॉइड असतं. दोन दिवस लाली दबते, लोक खूश होतात, जंतू मात्र आत मजेत वाढतात आणि कातडी पातळ होत जाते. स्टेरॉइड आम्हीही देतो, जुनाट प्रकारात ते लागतंच, पण कुठलं, किती दिवस, हे बघून.

द्राक्षवेल_निफाड

डॉक्टरताई, जुनाट प्रकार म्हणजे काय ते जरा सांगा. आमच्या बागेत पेठ, सुरगाण्याकडून मजूर येतात, त्यातल्या बायकांची बोटं बघवत नाहीत. ऑक्टोबर छाटणीनंतर वेलीचे डोळे फुटावेत म्हणून त्यांना हायड्रोजन सायनामाइड या रसायनाची पेस्ट लावायची असते. ते कातडी जाळतं, हे सगळ्यांना माहीत. पेस्टिंगच्या दिवशी आणि पुढे काही दिवस दारू घ्यायची नाही, घेतली तर तोंड लाल होऊन छाती धडधडते, हेही माहीत. तरी ग्लोव्हज दिले की तासाभरात काढून ठेवतात, गरम होतं म्हणतात. त्यानंतर जीएचं, म्हणजे जिबरेलिक ॲसिड या वाढीच्या संप्रेरकाचं, डिपिंग, घड मगात बुडवायचे, म्हणजे परत ओला हात. मग विरळणी, कात्री धरून धरून अंगठ्याच्या कडेला घट्टा. वर बोर्डो या बुरशीनाशकाच्या फवाऱ्याचा चुना आणि मोरचूद पानांवर असतंच. आमच्या घरच्यांच्या नखांवर आडव्या रेघा पडल्यात, कोणी म्हणतं कॅल्शियम कमी.

त्वचा_आणि_तत्त्व

दादा, रेघांचं कॅल्शियमशी सहसा देणंघेणं नसतं. नख बुडाशी तयार होतं. तिथली कातडी महिनोन्महिने सुजलेली राहिली की तयार होणारं नख वेडंवाकडं येतं आणि आडव्या खोबणी पडतात. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, पूर्ण नवं यायला सहा महिने लागतात. म्हणजे आज सूज बरी झाली तरी रेघा पुढे सरकत सरकत जाणार, धीर धरावा लागतो. पायाच्या अंगठ्याला वर्ष-दीड वर्ष.

सूज सहा आठवड्यांहून जास्त टिकली की आम्ही तिला जुनाट म्हणतो. त्यात पू फारसा नसतो. बुडाची कड जाडसर, फुगीर, क्युटिकल गायब, कधी एक बोट तर कधी चार. पूर्वी याला सरसकट बुरशी समजून बुरशीची औषधं द्यायचे. आता समज अशी आहे की मुळात तो पाण्याचा, साबणाचा, रसायनांचा इसब आहे आणि बुरशी रिकाम्या फटीत नंतर येऊन बसते. म्हणून ओल थांबवली नाही तर कुठलंच औषध पुरं पडत नाही.

ग्लोव्हजचं खरं दुखणं घाम आहे. रबरी हातमोज्याच्या आत पातळ सुती हातमोजा घाला. सुती घाम टिपतो, तो ओला झाला की बदलायचा. एका वेळी वीस-पंचवीस मिनिटांपेक्षा जास्त नको, मग हात मोकळे. आतून भिजलेला किंवा भोक पडलेला हातमोजा तर नसलेला बरा, कारण रसायन आत कोंडून राहतं. पेस्टिंगला सुती किंवा पातळ पॉलिथिनचे चालत नाहीत, रसायनांसाठीचे नायट्राइलचे जाड घ्या, डब्यावरची सूचना वाचून.

कोथिंबीर_वडी

लासलगावकडे कांदा निवडणाऱ्या बायकांचंही हेच आहे. पात आणि मुळ्या कापून कापून बोटांची टोकं काळी पडलेली, त्यात माती गेलेली. त्यांना कोण सांगणार क्रीम लावा म्हणून? रोज संध्याकाळी खोबरेल लावा सांगितलं तर निदान घरात असतं.

कॉलेजरोड_ब्युटी

मी पार्लर चालवते, म्हणून आमच्या बाजूचंही लिहिते. गिऱ्हाईक येऊन बसलं की म्हणतं, ‘ते नखाजवळचं सगळं साफ करा, एकदम क्लीन दिसलं पाहिजे.’ निपरने क्युटिकल कापलं की फोटोत छान दिसतं हे खरं. पण आठ दिवसांनी तेच गिऱ्हाईक कडा सोलल्या म्हणून येतं. मी आता कापत नाही, मऊ करून लाकडी काडीने हलकेच मागे सारते, आणि जिथे टोक उभं आहे तेवढंच कापते. काहींना पैसे वाया गेल्यासारखं वाटतं. वाटू दे.

तुम्ही कुठेही जा, एक विचारा: हत्यारं कशात निर्जंतुक करता? निळा दिवा लावलेली पेटी दाखवली तर तेवढ्यावर विश्वास ठेवू नका. त्या पेटीत स्वच्छ हत्यारं ठेवायला ठीक, पण तिने निर्जंतुक होत नाहीत. ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र, असेल तर उत्तम, नाहीतर आपली हत्यारं घरून घेऊन जा, त्यात लाज कसली? रक्त निघतं तिथे कावीळ बीसारखे आजार पसरू शकतात. नेलपॉलिश काढायला अ‍ॅसिटोन नसलेलं रिमूव्हर घ्या, आणि तेही रोज रोज नको. जेल नखं खरवडून काढणाऱ्या बायकांच्या नखांबद्दल तर स्वतंत्र धागा काढावा लागेल.

उपनगर_नाका

माझी मुलगी दुसरीत आहे, कायम बोटं तोंडात. नखं तर कुरतडतेच पण कडेची कातडीही दातांनी सोलते. कारल्याचा रस लावून झाला, तिला आता कारलं आवडायला लागलंय.

अमावस्येचा_चंद्र

पेटंट घ्या. भाजी खात नाहीत म्हणून रडणाऱ्या आयांना विका.

त्वचा_आणि_तत्त्व

हसू आलं, पण प्रश्न खरा आहे. ओरडू नका, हातावर मारू नका, ओरडल्याने वाढतं. कधी करते ते बघा: टीव्हीसमोर, गृहपाठाला, झोप येताना? तेवढ्या वेळात हाताला दुसरं काम द्या, मऊ चेंडू, मातीचा गोळा, काहीही. आणि कडा तेल लावून गुळगुळीत ठेवा. बोटाला खरखरीत टोक लागलं नाही तर कुरतडायला सुरुवातच होत नाही. मोठ्या माणसांनाही हेच लागू आहे. कोणी रक्त येईपर्यंत सोलत असेल आणि थांबवता येत नसेल तर ती नुसती वाईट सवय नसते, समुपदेशकाशी बोलण्याजोगी गोष्ट असते.

इंदिरानगर_०९

व्हिटॅमिनचं कुणी बोललंच नाही. मी नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेते, मैत्रिणीने सांगितल्या. घ्याव्या ना?

त्वचा_आणि_तत्त्व

सालपटं ही बहुतेकदा बाहेरून आलेली कोरड आहे, पोटातून आलेली कमतरता नाही. बायोटिन कमी असणारी माणसं विरळाच. डाळ, अंडी, दूध, शेंगदाणे, पालेभाजी नीट खात असाल तर गोळीने कडा शिवल्या जात नाहीत. घेतच असाल तर थायरॉइडची किंवा हृदयविकाराची रक्ततपासणी करताना लॅबला आणि डॉक्टरांना जरूर सांगा. बायोटिनच्या मोठ्या डोसामुळे त्या तपासण्यांचे आकडे चुकीचे येऊ शकतात. थायरॉइड नसताना थायरॉइडची गोळी सुरू व्हायची.

रविवार_कारंजा

मग लावायचं काय? साजूक तूप, खोबरेल, कोकम तेल, व्हॅसलीन, की दुकानात सातशे रुपयांना मिळतं ते क्युटिकल ऑइल?

कॉलेजरोड_ब्युटी

ते क्युटिकल ऑइल मी विकते, तरी सांगते, घरचं वापरा.

त्वचा_आणि_तत्त्व

पाणी कोंडून ठेवायला साधं व्हॅसलीन सगळ्यांत भारी, आणि स्वस्त. खोबरेल, तूप, कोकम तेल सगळी चालतात, कोकम तेल टाचांना लावतोच ना आपण, ते कडांनाही लावा. पण केव्हा लावता ते जास्त महत्त्वाचं. हात धुतले, फडक्याने टिपले, किंचित ओलसर आहेत तोवरच लावायचं. पूर्ण सुकलेल्या कातडीवर थापलं तर आत कोंडायला पाणीच उरलेलं नसतं. कडा जाड, राठ झाल्या असतील तर रात्री १० टक्के युरियाचं क्रीम बरं, पण उघड्या चिरेवर ते झोंबतं, तिथे व्हॅसलीनच.

पंचवटीची_अन्नपूर्णा

सगळ्यांचे आभार. कोमट पाण्याचा शेक सुरू केलाय. अंगठ्याची ठसठस उतरलीय, लाली थोडी आहे. सासूबाईंना लिंबू नको म्हटलं तर जरा रुसल्या, मग त्यांनीच पाणी कोमट करून आणून दिलं, वर ‘हळद तरी घाल’ म्हणाल्या. घातली.

कामाची फेरआखणी अशी केलीय: भांडी जमवून दोनदाच घासायची, सुती अस्तर आणि वर रबरी. मिरची आणि लसूण पातळ नायट्राइलचे हातमोजे घालून. भांड्यांची पावडर सोडून पातळ साबण. कणीक हातानेच मळते, पण आधी चमचाभर तेल हाताला, ते कणकेतच जातं, वाया काही नाही. रात्री ओटा पुसून झाला की व्हॅसलीन आणि जुने सुती मोजे हातात. मुलगा म्हणतो आई, तू चोर दिसतेस.

द्राक्षवेल_निफाड

ताई, ते सुती अस्तराचे मोजे कुठून घेतले? आम्हाला पुढच्या हंगामाला घाऊक लागतील. जानेवारीत काढणी सुरू होईल, तेव्हा निदान पॅकिंगच्या बायकांना तरी देईन म्हणतो.

सातपूर_सेकंड_शिफ्ट

दादा, एमआयडीसीत सेफ्टीचं सामान विकणाऱ्या दुकानांत डझनाच्या हिशेबाने मिळतात, शिवणकाम बघून घ्या, टोकाला जाड शिवण असेल तर ती नखाच्या कडेलाच घासते. आणि दोन मापांचे घ्या. सगळे लार्ज आणले की बायकांच्या हातात ढगळ होतात, कात्री धरता येत नाही, मग पुन्हा काढून ठेवतात.